सात पुंगळ्या खांद्याला, बारा बुडाला

जूनमधला शनिवार होता, साताऱ्यात पावसाने नुकताच जोर धरला होता. रात्री आठला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासला असतो, तिथे सकाळचे साडेनऊ. एरवी फोन आला की आधी ताईच्या गुडघ्याची चौकशी, मग पाऊसपाणी, मग बाकीचं. त्या दिवशी त्याने कॅमेरा सरळ टेबलाकडे वळवला.

"मामा, 50 पुंगळ्या साइझ केल्यात. त्यातल्या 19 रायफलीत नीट बसत नाहीत. बोल्ट जवळजवळ बंद होतो आणि शेवटी शेवटी हँडल खाली यायलाच तयार नाही. डाय अजून खाली घेतली, तरी तेच."

भाच्याला निशाणेबाजीचा छंद आहे. कागदाच्या लक्ष्यावर, 300-400 यार्डांवरून. तिकडे वापरलेली पितळी पुंगळी घरी परत मापात आणून नवं काडतूस भरणं हा कायदेशीर आणि सर्रास चालणारा छंद आहे. आपल्याकडे तसं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस नुसतं बाळगायलाही परवाना लागतो, बनवायला तर लागतोच. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी घरी काही करायला जाऊ नये. हे प्रकरण मी लिहितोय ते त्यातल्या फिटिंगच्या कामासाठी.

माझा स्वतःचा बंदुकीशी कधी संबंध आला नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत 31 वर्षं टूलरूमला काढली. डाय-पंच, जिग, फिक्स्चर, ग्राइंडिंग. पितळ आणि पत्रा ओढणं, दाबणं, मापात आणणं हा माझा धंदा. भाच्याने मला विचारलं ते त्यासाठीच. आणि माझ्या शेजारी आबा राहतात. मूळचे अपशिंगे मिलिटरीचे, जिथे घरटी एक माणूस फौजेत असतो. आबा ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. एसएलआर रायफल उघडून जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण त्या शनिवारी ते माझ्याकडे नव्हते, आणि त्यामुळे मी पहिली चूक केली.

चूक सांगण्याआधी पुंगळीची ओळख करून देतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

रायफलीची पुंगळी म्हणजे अरुंद मानेची पितळी सुरईच. खाली बूड, त्यावर एक खाच, जिला धरून बोल्ट, म्हणजे रायफल मागून बंद करणारा सरकता दांडा, रिकामी पुंगळी बाहेर ओढतो. मग अंग, वर किंचित निमुळतं होत गेलेलं. मग उतरता खांदा, मग मान, आणि मानेच्या टोकाला तोंड, ज्यात गोळी बसते. भाच्याची रायफल .308 विंचेस्टरची. हे काडतूस 1952 साली बाजारात आलं. आबांच्या एसएलआरचं 7.62×51 हे बाहेरून त्याचंच भावंड. पितळ 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, म्हणजे खोल ओढकामाला आम्ही वापरायचो तेच.

गोळी झाडली की आतल्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीच्या, भिंतींना चिकटते, मग थोडी आकसते. म्हणजे झाडलेली पुंगळी हा त्या रायफलीच्या चेंबरचा साचाच. परत वापरायची तर तिला थोडं लहान करावं लागतं. त्यासाठी साइझिंग डाय. ती हाताने चालवायच्या प्रेसमध्ये लावतात. प्रेसचं हँडल खाली ओढलं की पुंगळी डायमध्ये वर जाते, अंग आवळलं जातं, खांदा मागे ढकलला जातो, मान गोळीच्या मापाहून बारीक होते. हँडल वर नेलं की डायच्या मधोमध असलेल्या दांडीवरचा गोळा, एक्स्पांडर, मानेतून ओढला जाऊन बाहेर येतो आणि मान आतून पुन्हा नेमक्या मापाला उघडतो. सगळं दोन सेकंदांत.

बोल्ट आणि खांदा यांच्यामधली जागा फार महत्त्वाची. काडतूस पुढे किती जाईल ते खांदा ठरवतो आणि मागून बोल्ट त्याला धरतो. हे माप खांद्यावरच्या 0.400 इंच व्यासाच्या वर्तुळापासून धरतात. .308 च्या चेंबरचं कमीत कमी माप 1.630 इंच, आणि 1.634 इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला नको. सगळा खेळ चार थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे जेमतेम एक दशांश मिलिमीटर. हे आकडे ऐकले आणि मला एकदम आपल्या घरात आल्यासारखं वाटलं.

तिथेच घसरलो. माझं निदान झटकन झालं: खांदा पुरेसा मागे जात नाहीये. डाय आणि पुंगळी धरणारा होल्डर एकमेकांना टेकले आहेत, भाचा म्हणतो त्याप्रमाणे डाय त्याहून पाव फेरा खाली आहे, तरी पुंगळी लांबच. मग होल्डरचा माथा पाच थाऊ ग्राइंड करून घे, की पुंगळी तेवढी आत जाईल. साधं गणित. मी त्याला तसं सांगितलं, आणि त्याच्या ओळखीत सरफेस ग्राइंडर असलेला माणूसही होता.

रविवारी सकाळी गोडोली तळ्याकडे चक्कर मारताना मी आबांना हे सांगितलं. ते चालता चालता थांबले.

"एकोणीस अडल्या. मग एकतीस कशा बसल्या?"

मी गप्प.

"डाय एक, होल्डर एक, हात एक. हत्यार बिघडलं आसतं तर पन्नासच्या पन्नास अडल्या आसत्या की ओ. तुमी हत्यार घासाया सांगितलं, पण पुंगळ्या बघितल्या का?"

31 वर्षं मी पोरांना शिकवत आलो की रिजेक्शन आलं की आधी वेगवेगळं मांडा, मशीनला नंतर हात लावा. आणि भाच्याच्या बाबतीत नेमकं तेच विसरलो. होल्डर घासला असता तर ज्या 31 बऱ्या होत्या त्यांचाही खांदा पाच थाऊ जास्त मागे गेला असता. तशी पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते, झाडल्यावर तिचं बूड मागे सरकून बोल्टवर आदळतं, आणि अंग मात्र भिंतीला चिकटलेलं राहतं. ताण बुडाच्या जरा वर येतो. दोन-चार वेळा असं झालं की तिथे पितळ आतून पातळ होत जातं आणि एक दिवस पुंगळी तिथूनच तुटते. तेव्हा आतला गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. मी घाईघाईने भाच्याला फोन लावला. तिथे मध्यरात्र व्हायला आली होती. ग्राइंडरवाल्याकडे अजून गेला नव्हता. देवाची कृपा.

त्या संध्याकाळी आबा माझ्या घरी येऊन बसले, चहा घेतला आणि फोन माझ्या हातातून आपल्या हातात घेतला.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मला सुचलाच नव्हता. "भरलेली किती हायत?"

सहा. भाच्याने साइझ केलेल्या सहा पुंगळ्यांमध्ये दारू, गोळी सगळं भरून ठेवलं होतं, आणि अडलेला पहिला बोल्ट त्यातल्याच एका जिवंत काडतुसावर अडला होता. त्याने हँडलवर तळहात मारून पाहिला होता.

आबांचा आवाज एकदम बदलला. "आरं पोरा, जिवंत राउंडवर हात मारू नगंस. ह्ये काय दाराची कडी हाय व्हय?" मग त्यांनी शांतपणे सांगितलं. अडलेलं काडतूस कधी ठोकून आत घालायचं नाही. बोल्ट अर्धवट बंद राहिला आणि गोळी सुटली तर धरून ठेवायला काही उरत नाही. ती सहाही बाजूला ठेव, वेगळ्या डब्यात, झाकण लावून. गोळी खेचून काढायच्या अवजाराने मोकळी कर. भरलेलं काडतूस परत डायमध्ये घालायचा विचारसुद्धा करायचा नाही. आणि इथून पुढे तपासणी होईल ती फक्त रिकाम्या, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) नसलेल्या पुंगळ्यांवर.

यात सुरक्षितपणा तर आहेच, पण तपासही सोपा होतो. गोळीच नसली की गोळी फार बाहेर राहून नळीच्या आट्यांना टेकतेय का, गोळी बसवताना तोंड आवळलं जाऊन खांदा फुगलाय का, हे सगळे संशय एका फटक्यात बाद. सहा भरलेल्या पुंगळ्या मोकळ्या झाल्यावर पन्नासच्या पन्नास रिकाम्या टेबलावर आल्या. अडायच्या त्याच 19 अडल्या. म्हणजे दोष पुंगळीच्याच अंगात.

आणखी एक गोष्ट आबांनी करायला लावली. बोल्टमधून फायरिंग पिनची जोडणी आणि इजेक्टरची स्प्रिंग काढायला सांगितली. ते काढलं की बोल्टचं हँडल रिकाम्या चेंबरवर स्वतःच्या वजनाने खाली पडतं. मग पुंगळी घालून पाहिलं की नेमकं कुठे जड होतं ते बोटाला कळतं. स्प्रिंगांचा जोर मध्ये असला की काहीच कळत नाही. मी आयुष्यभर स्पिंडलचं प्ले असंच बेल्ट काढून पाहिलंय. त्या दिवशी आबांचं बोलणं मला एकेक शब्द कळत होतं.

मग ढीग मांडायचं काम. भाच्याला म्हटलं, प्रत्येक पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाच आणि कुठून आली ते आठव.

निघालं ते असं. 30 पुंगळ्या त्याच्या स्वतःच्या, याच रायफलीत तीन-तीनदा झाडलेल्या. 20 एकाकडून घेतलेल्या, एकदाच वापरलेल्या, पण कुठल्या हत्यारात ते माहीत नाही. या विसांच्या बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह. आबा लगेच म्हणाले, "फौजी माल. नाटोचा शिक्का हाय त्यो." स्वतःच्या 30 पैकी सात अडतात. घेतलेल्या 20 पैकी बारा अडतात. त्या क्षणी मला खात्री वाटली की आजार एक नाही.

आधी सातांकडे वळलो. भाच्याकडे व्हर्नियरला लावायचं खांदा मोजणारं गेज होतं. अशा गेजच्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नसतो, एका पुंगळीच्या तुलनेत दुसरी किती एवढंच त्यावरून धरायचं. म्हणून आधी याच रायफलीत झाडलेली, अजून साइझ न केलेली पुंगळी मोजायला लावली: 1.632 इंच. हा आमचा शून्य. मग साइझ करून नीट बसणाऱ्या: 1.629. तीन थाऊ मागे, छान. आणि त्या सात: 1.633, 1.634.

साइझ केल्यानंतर पुंगळी झाडलेल्या पुंगळीपेक्षाही लांब. ऐकायला उलटं वाटतं. पण ओली कणीक मुठीत आवळून बघा, ती वरून बाहेर येतेच. पुंगळीचं अंग आवळलं की पितळ कुठे तरी जाणार, ते पुढे जातं आणि खांदा पुढे सरकतो. डाय पुरती खाली असली तर शेवटी डायचा खांदा पुंगळीचा खांदा मागे रेटतो आणि हिशोब जुळतो. डाय अर्धवट वर असली तर अंग आवळलं जातं पण रेटा मिळत नाही, आणि बसणारी पुंगळीही अडायला लागते. नवशिक्यांना इथेच चकवा बसतो.

पण भाच्याची डाय वर नव्हती. टेकून वर पाव फेरा खालीच होती. त्या डायचे आटे इंचाला 14. एक फेरा म्हणजे 71 थाऊ, पाव फेरा म्हणजे जवळपास 18. एकदा डाय आणि होल्डर पोलादाला पोलाद टेकले की त्यापुढची फिरवण पुंगळीत जातच नाही, ती प्रेसच्या सांगाड्यात ताण म्हणून जाते. साइझ करताना दोघांच्या मध्ये उजेड दिसतो का ते टॉर्च धरून पाहिलं. दिसला नाही. म्हणजे रेटा पुरा मिळत होता. तरी सात पुंगळ्यांचा खांदा पुढे. मग हँडल खाली येताना नाही तर वर जाताना काहीतरी घडत असणार.

मी म्हटलं, "एक पुंगळी माझ्यासमोर कर. बोलू नकोस, फोन प्रेसजवळ ठेव."

हँडल खाली गेलं, आवाज नाही. हँडल वर आलं, आणि फोनमधून स्पष्ट ऐकू आलं: कर्र्र.

तो आवाज मी हजारदा ऐकलाय. पत्रा ओढताना पंचाला तेल कमी पडलं की तोच कर्कश आवाज येतो, आणि मग पंच माल सोडत नाही, सोबत ओढतो. इथे एक्स्पांडरचा गोळा कोरड्या मानेतून बाहेर येताना मान धरत होता आणि मानेबरोबर खांदाही पुढे खेचत होता. डायने तीन थाऊ मागे रेटलेला खांदा गोळ्याने चार-पाच थाऊ पुढे ओढून आणला. बाहेरून पुंगळीला तेल होतं, भाचा ते नीट लावायचा. मानेच्या आत मात्र काही नव्हतं.

पण मग तिसातल्या सातच का? हा प्रश्न आता मी स्वतःहून विचारला. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, त्या नव्या ड्रममधल्या आहेत."

जुन्या पद्धतीने तो पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भरड भुशात घुसळून साफ करायचा. बाहेरून चकाकतात, पण मानेच्या आत काजळीचा पातळ थर राहतो. महिन्यापूर्वी त्याने पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिनांचा ड्रम घेतला होता. पहिल्या घाण्यात त्याने आठ पुंगळ्या घातल्या. आतून-बाहेरून नव्या नाण्यासारख्या निघाल्या. त्या आठांतल्याच या सात. मानेतली काजळी इतके दिवस वंगणाचं काम करत होती. ती निघून गेली आणि गोळा पितळाला चावायला लागला. आठवी कशी सुटली? तिच्या मानेत बाहेरचं तेल ओघळलेलं दिसलं. स्वच्छतेपायी बिघाड झालेला मी पूर्वीही पाहिलाय, चमकवलेल्या डायवर माल चिकटतो तसा.

खात्रीसाठी त्याला म्हटलं, डायमधली दांडी गोळ्यासकट काढून ठेव आणि सातातली एक पुन्हा साइझ कर. केली. 1.629. बोल्ट आपल्या वजनाने खाली पडला. आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

उपाय सोपा होता. दांडी परत बसवायची, आणि दर पुंगळीच्या मानेत नायलॉनच्या ब्रशने कोरड्या ग्रॅफाइटचा हात फिरवायचा. उरलेल्या सहा तशा केल्या. आवाज गेला, सहाही 1.629 वर आल्या. मी आणखी एक सांगितलं, जे तो पुढच्या खेपेला करणार आहे. तीनदा झाडून, तीनदा आवळून मानेचं पितळ कडक झालंय. तांबट भांडं ठोकता ठोकता मध्येच तापवतो ते याचसाठी. इथे मात्र तापवायची ती फक्त मान आणि खांदा. बूड तापून मऊ पडलं तर ती पुंगळी दाब पेलू शकणार नाही, ती सरळ मोडीत. भाच्याने हे लिहून घेतलं आणि मी त्याला ते परत वाचून दाखवायला लावलं.

आता बारा फौजी पुंगळ्या. यांनी जास्त वेळ घेतला. खांदा मोजला, 1.628 ते 1.629, काही तक्रार नाही. लांबी मोजली. .308 ला जास्तीत जास्त 2.015 इंच चालते, या 2.008. म्हणजे तोंड चेंबरच्या टोकाला आपटतंय असंही नाही. मान बाहेरून मोजली, बऱ्या पुंगळ्यांइतकीच. बुडाच्या कडेला खरवड किंवा चेपलेली कड नव्हती. गेजने जिथे जिथे बोट ठेवता येतं तिथे सगळं ठीक, आणि बोल्ट मात्र शेवटच्या थोड्याशा फिरण्यात जड.

मग मी टूलरूमचा सगळ्यात जुना उपाय काढला. आम्ही दोन भाग एकमेकांत बसवताना कुठे अडतंय ते पाहायला एकाला मार्किंग ब्ल्यू लावतो, दुसरा त्यात घालतो, जिथे रंग उडतो तिथे घासतंय. ब्ल्यूच्या जागी भाच्याकडे काळा मार्कर होता. अख्खी पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत काळी करायला लावली. सुकू दिली. चेंबरमध्ये घालून बोल्ट जेवढा सहज जाईल तेवढाच बंद केला, बाहेर काढली आणि कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरवली.

खांदा काळा. मान काळी. अंग काळं. आणि बुडावरच्या खाचेच्या जरा पुढे, सगळीकडून सारखं, एक चकचकीत पिवळं कडं.

आबा फोनच्या अगदी जवळ गेले. "मशीनगनचं हाय ह्ये." त्यांनी सांगितलं की मशीनगनचं चेंबर रायफलीपेक्षा सैल ठेवतात, धूळ-माती-गरमीत अडायला नको म्हणून. तिथे झाडलेली पुंगळी बुडाजवळ जास्त फुगते. आता माझ्या बाजूचं गणित जुळलं. बुडाजवळ पितळ सगळ्यात जाड असतं. बारीक मानेला डाय म्हणेल तिथे बसवता येतं, पण जाड भाग आवळून सोडला की तो परत थोडा उलगडतो. आम्ही याला स्प्रिंगबॅक म्हणतो. शिवाय डायच्या तोंडाला पुंगळी आत शिरावी म्हणून गोलाई दिलेली असते, आणि होल्डर पुंगळीचं बूड धरून असतो, त्यामुळे डायचं खरं माप तिथवर पोचतच नाही. बुडापासून 0.200 इंचावर मोजलं. भाच्याच्या स्वतःच्या, झाडलेल्या पुंगळ्या 0.4700 इंच. या बारा साइझ केल्यावरही 0.4715. दीड थाऊ, 38 मायक्रॉन. केसाच्या जाडीहून कमी, पण घट्ट चेंबरला तेवढं पुरतं.

इथे डाय कितीही खाली घेतली असती, होल्डर कितीही घासला असता, तरी हे कडं गेलं नसतं, फक्त खांदा विनाकारण मागे गेला असता. शनिवारी रात्री मी दिलेला सल्ला सातांना चुकीचा होता आणि या बारांना धोक्याचा. हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं.

अशा पुंगळ्यांसाठी बुडाजवळ जास्त आवळणारी डाय मिळते, तिला स्मॉल बेस डाय म्हणतात. भाच्याच्या क्लबातल्या एकाकडे होती. पण ती वापरण्याआधी आबांनी एक अट घातली. या पुंगळ्यांनी आधी काय सोसलंय ते आपल्याला माहीत नाही, म्हणून दर पुंगळी आतून तपासायची. तारेचं टोक काटकोनात वाकवून, धार काढून, आत घालायचं आणि बुडापासून वर घासत आणायचं. आत चर पडली असेल तर टोक तिथे अडकतं. पितळ पातळ झाल्याची तीच खूण. बारांपैकी दोनमध्ये तार अडकली. बाहेरून दोन्ही अगदी चांगल्या दिसत होत्या. त्या तिथेच बाजूला काढल्या.

बाकीच्या दहा स्मॉल बेस डायमधून काढल्या. आठ 0.4695 च्या आसपास आल्या आणि बोल्ट विनाअडथळा बंद झाला. दोन 0.4710 वर हटून बसल्या. भाचा म्हणाला, पुन्हा एकदा दाबून बघू का. मी नको म्हटलं. चार थाऊच्या खेळात हट्टी मालाशी झुंजण्यात अर्थ नाही, आणि पुंगळी ही काही एकमेव मिळणारी वस्तू नाही. आबांनीही तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत.

शेवटी डायची जागा. बऱ्या पुंगळ्या तीन थाऊ मागे जात होत्या. बोल्टच्या रायफलीला एक-दोन थाऊ पुरतात, आपोआप भरणाऱ्या रायफलीला तीनच्या पुढे ठेवतात. भाच्याने आधी डाय होल्डरला हलकेच टेकवली, म्हणजे तो पाव फेऱ्याचा ताण काढून टाकला. मग तिथून किंचित वर घेतली. किती, हे मी त्याला घड्याळात सांगितलं: मिनिटकाटा दोन मिनिटं सरकतो तेवढीच, म्हणजे साधारण दोन-अडीच थाऊ. प्रेसचा ताण गेल्यावर आणि तेवढी वर आल्यावर प्रत्यक्षात खांदा कुठे येतो ते गणितावर न सोडता मोजायला लावलं. 1.630 आला. चावी लावून तिथेच आवळली. आता त्याचे दोन डबे आहेत. एकावर त्याने मराठीत "घरच्या" लिहिलंय, दुसऱ्यावर "पाहुण्या". दोन्ही कधी एकत्र साइझ होत नाहीत, आणि पाहुण्यांचा पहिला हात स्मॉल बेस डायमधूनच जातो.

तीन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला. क्लबात जाऊन आला होता, एकही अडली नव्हती. मी लक्ष्याचा कागद बघत होतो, तेवढ्यात आबा आले. फौजेत फायरिंग झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात, एक कमी पडली तरी सगळी तुकडी गवतात शोधत बसते. ती सवय त्यांच्या अंगात मुरलेली. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही.

"पन्नास व्हत्या. आता किती हायत?"

"46, आबा."

"आन् चार?"

भाच्याने फोन उचलून टेबलाच्या कडेला लावलेल्या व्हाइसकडे नेला. चारही पुंगळ्या तिथे चेपून सपाट झालेल्या पडल्या होत्या, पुन्हा कुणाच्या रायफलीत जाणार नाहीत अशा. आबांनी बोटाने एक, दोन, तीन, चार मोजल्या आणि मगच खुर्चीवर बसले.